चाक वळते कसे, चुकते कसे

चार चाकांच्या घोडागाडीचा पुढचा आख पूर्वी मधल्या खिळ्यावर सबंध फिरे. तंग वळणावर गाडी कलंडण्याची धास्ती असे. म्यूनिकचा गाड्या बनवणारा कारागीर गेओर्ग लांकेन्स्पेर्गर याने तोड काढली: आख जागीच ठेवावा, टोकांवरची चाके तेवढी वळवावी; आतले जास्त, बाहेरचे कमी. १८१८ साली लंडनचे चित्रविक्रेते रुडॉल्फ आकरमान यांनी त्याच्या वतीने पेटंट घेतले, आणि नाव राहिले ते आकरमानचे!

मोटारीने हीच रीत उचलली. १९३० नंतर पुष्कळ मोटारींची पुढची चाके स्वतंत्रपणे वरखाली होऊ लागली. चाक धरणारे बाहू एका कमानीत हलतात, वळवणारा दांडा दुसऱ्या. गाडीच्या ठरलेल्या उंचीला कारखाना या दोहोंचा मेळ घालतो.

दुसऱ्या महायुद्धानंतर कॅलिफोर्नियातले हौशी तरुण स्प्रिंगा कापून गाड्या बुटक्या करू लागले. भार खाली येतो, हा फायदा खरा. पण बाहू आणि दांडा तिरपे होऊन मेळ मोडतो. मग खड्डा आला, की स्टिअरिंग न फिरवताही चाक आपणहून वळते.

गुरुजी, फळ्यावर एक लांब, एक आखूड अशा दोन पट्ट्या एकेका टोकाला खिळवा. आडव्या ठेवून मोकळी टोके सारखीच उचला. ती जवळजवळ बरोबरीने आत सरकतील. आता आधीच वर तिरप्या ठेवून उचला. आखूड पट्टी चटकन जास्त आत जाईल. मुलांना सांगा, स्प्रिंग कापणे सोपे. पण हा मेळ पुन्हा जुळवल्याशिवाय ती गाडी रस्त्यावर आणू नये.