वसियत, हिबा आणि विरासत: वकिलाकडे जाण्याआधी एवढे माहीत असू द्या

घरात इंतिकाल झाला की चाळीस दिवस कोणी मालमत्तेचा विषय काढत नाही. मग एक दिवस बँकेतून कागद मागितले जातात आणि भावंडांमध्ये कुजबूज सुरू होते. माझ्या एका माजी विद्यार्थिनीची अम्मी कागदांची पिशवी घेऊन शाळेत आली होती. सातबारा होता, पासबुक होते, निकाहनामाही होता. पण मरहूमने कोणाचे किती देणे ठेवले, हे कोणालाच ठाऊक नव्हते. म्हणून हे काम हयातीतच करावे.

आधी देणे, मग वाटणी
क्रम असा: कफन-दफनचा खर्च, मग कर्ज, मग वसियत आणि शेवटी वारसांचे हिस्से. बायकोचे न दिलेले मेहर हेसुद्धा कर्जच आहे. तो तिच्या हिश्शाचा भाग नाही, ते वेगळे द्यायचे.

समजा, मागे 34 लाख राहिले आणि मेहर धरून देणे 2 लाख. वसियत नाही, आई-वडील हयात नाहीत. उरलेल्या 32 लाखांतून बायकोला आठवा हिस्सा, म्हणजे 4 लाख. बाकी 28 लाखांत एक मुलगा व दोन मुली असतील तर मुलाला 14 आणि प्रत्येक मुलीला 7 लाख. लग्नात खर्च केला म्हणून मुलीचा हिस्सा संपत नाही. सूरह निसाच्या 11 व 12 व्या आयतीत हे हिस्से ठरलेले आहेत.

वसियत किती आणि कोणाला?
देणे फेडून उरलेल्या मालमत्तेच्या एक तृतीयांशापर्यंतच. सुन्नी कायद्यात वारसाच्या नावे वसियत केली तर इंतिकालानंतर बाकी वारसांची संमती लागते. या एक तृतीयांशाचा खरा उपयोग यतीम नातवंडांसाठी आहे. मुलगा बापाआधी वारला आणि दुसरा मुलगा हयात असेल, तर वारलेल्या मुलाच्या लेकरांना आजोबांकडून वारसा मिळत नाही. आजोबांनी लिहून ठेवले तरच त्यांना काही मिळेल.

वसियतनामा साध्या कागदावर चालतो. दोन साक्षीदार घ्या. दुय्यम निबंधकाकडे नोंदणी सक्तीची नाही, पण पुढे वाद टाळायला बरी. मुस्लिम वसियतनाम्याला प्रोबेटची सक्ती नाही.

हिबा
हयातीत द्यायचे असेल तर हिबा. देणाऱ्याने जाहीर करावे, घेणाऱ्याने कबूल करावे आणि ताबा खरोखर द्यावा. ताबा दिला नाही तर हिबा कच्चा राहतो. तोंडी हिबाही कायद्याला मान्य आहे, तरी लिहून नोंदवलेला बरा. महाराष्ट्रात राहते घर किंवा शेतजमीन नवरा, बायको, मुले वा नातवंडांना बक्षीस दिल्यास मुद्रांक शुल्क 200 रुपये आहे. इतर आकार वेगळे. मात्र बहिणींना वगळण्यासाठी हिबा करू नका.

इंतिकालानंतरचे कागद
बँकेतील रक्कम व शेअर्ससाठी न्यायालयातून वारसा प्रमाणपत्र, म्हणजे सक्सेशन सर्टिफिकेट काढावे लागू शकते. ते 1925 च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याखाली मिळते. घर-जमिनीसाठी वारस दाखला 1827 च्या मुंबई रेग्युलेशनखाली न्यायालय देते. सातबारावर वारस नोंदीसाठी तलाठ्याकडे तीन महिन्यांत कळवा. फेरफार झाला म्हणजे मालकी ठरली, असे नाही. बँकेतला किंवा सोसायटीतला नॉमिनीसुद्धा एकटा मालक होत नाही.

बहिणीने हक्कसोडपत्रावर सही करण्याआधी ते तिला वाचून दाखवा. त्याचा अर्थ तिला समजलाच पाहिजे. लाजेखातर केलेली सही नंतर नाती तोडते.

वकिलांना काय सांगाल?
- आपला मसलक. कोकणात बरेच लोक शाफई आहेत, बोहरा शिया आहेत. काही नियम बदलतात.
- लग्न स्पेशल मॅरेज ॲक्टखाली झाले आहे का? तसे असेल तर वारसा भारतीय उत्तराधिकार कायद्याने ठरतो.
- शेतजमीन आहे का? 1937 च्या शरीअत कायद्यातून ती वगळलेली आहे, म्हणून वेगळा सल्ला घ्या.
- सगळ्या वारसांची नावे, मुलींसकट. एकही लपवू नका.
- मालमत्ता, कर्ज आणि मेहर यांची यादी.

फी आधी ठरवा, पावती घ्या आणि मूळ कागद देण्याआधी झेरॉक्स काढून ठेवा. हिश्श्यांचा हिशोब मुफ्तींकडून तपासून घ्या, कागद वकिलांकडून करून घ्या. आज संध्याकाळी वहीच्या एका पानावर आपले देणे-घेणे लिहून सही करा आणि ती वही कुठे आहे, ते घरच्यांना सांगून ठेवा.