नवशिक्यांसाठी लिहिलेलं व्याकरण

फ्रेंचच्या पहिल्या आठवड्यात माझ्या वर्गात एक प्रश्न हमखास येतो: टेबल स्त्रीलिंगी कशावरून? पुण्यात संध्याकाळच्या तुकड्यांना शिकवताना हा प्रश्न मी कॉलेजच्या मुलांकडून ऐकला आहे, आयटीतल्या इंजिनिअरांकडून ऐकला आहे, आणि कॅनडाला मुलाकडे निघालेल्या आजोबांकडूनही. ‘ते तसंच आहे, पाठ करा’ हे उत्तर मला कधीच पटलं नाही. अशा प्रश्नांना फ्रेंच व्याकरणात फार जुना मान आहे. हे व्याकरण उभं राहिलं तेच मुळी परक्या माणसांच्या अडचणींतून.

तेराव्या शतकातलं इंग्लंड घ्या. नॉर्मन राजवट येऊन दोनशे वर्षं होत आली होती. जमीनदार घराण्यांत फ्रेंचला प्रतिष्ठा होती, दरबाराचं आणि जमिनीचं कामकाज तिच्यात चालायचं, पण घरातली मुलं मात्र इंग्रजी बोलतच मोठी होत होती. अशा एका घरच्या बाईंसाठी, दनीज द मुंशांसी यांच्यासाठी, वॉल्टर ऑफ बिबस्वर्थ या सरदाराने पद्यात एक पुस्तक रचलं. त्यांनी आपल्या मुलांना फ्रेंच शिकवावी हा त्यामागचा हेतू. त्यात शरीराचे अवयव येतात, शेतीची कामं येतात, पशुपक्ष्यांचे आवाज येतात. आणि अगदी सुरुवातीलाच एक जागा अशी आहे, की ती वाचताना मला माझा वर्ग दिसतो. आजच्या उच्चारात सांगायचं तर ‘ला लेव्र’ म्हणजे ओठ, ‘ल लिएव्र’ म्हणजे ससा; ‘ला लिव्र’ म्हणजे पौंड, ‘ल लिव्र’ म्हणजे पुस्तक. ‘ल’ आणि ‘ला’ची गल्लत केलीत तर पुस्तकाचा पौंड होईल, हे बिबस्वर्थ मुलांना पहिल्याच पानांवर बजावतो. हस्तलिखितांत फ्रेंच ओळींच्या वर बारीक अक्षरांत इंग्रजी अर्थ लिहिलेले सापडतात. माझे विद्यार्थी पेन्सिलीने ओळींवर मराठी अर्थ लिहितात ना, अगदी तसेच.

त्यानंतर १४०९च्या सुमारास जॉन बार्टन या चेशरमध्ये वाढलेल्या आणि पॅरिसमध्ये शिकलेल्या इंग्रजाने स्वतःच्या खर्चाने काही जाणकारांकडून फ्रेंचचं छोटं व्याकरण लिहवून घेतलं. १५३०मध्ये लंडनला जॉन पाल्सग्रेव्हचा जाडजूड ग्रंथ छापला गेला. आठव्या हेन्रीची बहीण मेरी १५१४मध्ये फ्रान्सच्या राजाला दिली, तिचे हे फ्रेंचचे मास्तर. तोवर खुद्द पॅरिसमध्ये ‘व्याकरण’ म्हटलं की लॅटिनचंच, असं लोक धरून चालत. आपण रोज बोलतो त्या भाषेला कसलं आलंय व्याकरण? फ्रेंच माणसाने फ्रेंच भाषेत लिहिलेलं फ्रेंचचं व्याकरण आलं ते १५५०मध्ये, लुई मेग्रेचं.

आपल्याकडेही फार वेगळं घडलं नाही. कोकणीचं व्याकरण लिहिलं थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने, ते १६४०मध्ये गोव्यात रायतूरला छापलं गेलं. विल्यम कॅरीचं मराठी व्याकरण १८०५मध्ये बंगालात श्रीरामपूरला निघालं. दादोबा पांडुरंगांचं त्यानंतर, १८३६मध्ये. परक्याला जिथे ठेच लागते तिथे घरच्या माणसाचं लक्षच जात नाही.

तर टेबल. लॅटिनमध्ये तीन लिंगं होती, मराठीत आहेत तशीच. ‘टेबल’चा मूळ लॅटिन शब्द, फळी या अर्थाचा, स्त्रीलिंगी होता, म्हणून ‘ला ताब्ल’. नपुंसकलिंग बोलता बोलता झिजून गेलं आणि त्यातले बहुतेक शब्द पुल्लिंगात जाऊन बसले. काहींची मात्र वेगळीच गत झाली. लॅटिन नपुंसकलिंगी अनेकवचनाच्या शेवटी ‘आ’ यायचा, आणि स्त्रीलिंगी एकवचनाच्या शेवटीही ‘आ’च. त्यामुळे पानं, शस्त्रं असे शब्द लोकांना स्त्रीलिंगी एकवचनी वाटू लागले, आणि आज पान फ्रेंचमध्ये स्त्रीलिंगी आहे. हिंदीनेही नपुंसकलिंग असंच सोडलं, मराठीने आणि गुजरातीने ते सांभाळलं. एवढं सांगितलं की वर्गातल्यांचे चेहरे बदलतात. पाठांतर करावंच लागतं, पण मग ते शिक्षेसारखं वाटत नाही.

दुसरी नेहमीची अडचण नकाराची. ‘नाही’ म्हणायला फ्रेंचमध्ये क्रियापदाच्या आधी ‘न’ आणि नंतर ‘पा’. हा ‘पा’ मूळचा ‘पाऊल’. ‘एक पाऊलही चालत नाही’ असं म्हणता म्हणता तो सगळ्याच क्रियापदांना चिकटला. पूर्वी ‘थेंब’, ‘कण’ या अर्थाचे शब्दही याच कामाला होते. पण ‘काहीच नाही’ म्हणायचं तर ‘न’ आणि ‘रियँ’ पुरतात, मध्ये ‘पा’ घालायचा नाही. माझे विद्यार्थी घालतात. मोलिएरची मार्तीनही घालते. ‘ले फाम सावांत’ या १६७२च्या नाटकात मार्तीन ही स्वयंपाकघरातली मोलकरीण आहे. मालकीण तिला कामावरून काढते. चोरी नाही, भांडं फोडलं नाही. तिने वोझलाने त्याज्य ठरवलेला शब्द वापरला, हा तिचा गुन्हा. त्यावर ती आपली बाजू मांडायला तोंड उघडते आणि नेमका ‘पा’ आणि ‘रियँ’ एकत्र बोलून बसते. घरातली दुसरी विदुषी बाई लगेच तिला सुनावते, की एक नकार जास्त झाला. हा प्रवेश मी वर्गात वाचून घेते. साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या पॅरिसच्या बाईची आणि आपली चूक एकच आहे हे कळलं की लाजरी मुलंही बोलायला लागतात.

हा वोझला म्हणजे क्लोद फाव्र द वोझला. तो जन्मला बुर्ग-आँ-ब्रेसजवळच्या मुलखात, जो तेव्हा साव्हॉयच्या ड्यूककडे होता, आणि फ्रेंच अकादमीच्या पहिल्या सभासदांपैकी तो एक झाला. रिशल्यूने अकादमी स्थापली १६३५मध्ये. वोझलाचं ‘रमार्क’ हे पुस्तक आलं १६४७मध्ये. दरबारातली चांगली माणसं जसं बोलतात आणि त्या काळचे चांगले लेखक जसं लिहितात ती योग्य भाषा, हा त्याचा निकष. सत्तर, ऐंशी, नव्वद यांसाठी ‘सेप्तांत’, ‘उइतांत’, ‘नोनांत’ असे सरळ शब्द होते. ‘सेप्तांत’ हा एका ठरावीक धार्मिक संदर्भाखेरीज फ्रेंच नव्हे, असं वोझलाने लिहिलं. आज बेल्जियममध्ये आणि स्वित्झर्लंडमध्ये लोक ‘सेप्तांत’, ‘नोनांत’ खुशाल म्हणतात, पॅरिसमध्ये मात्र साठ-दहा आणि चार-वीस. तेराव्या शतकात नवव्या लुईने तीनशे अंधांसाठी काढलेल्या रुग्णालयाचं नाव ‘पंधरा-वीस’ असं आहे, आणि ते पॅरिसमध्ये अजून डोळ्यांचं रुग्णालय म्हणून चालू आहे. आपल्याकडच्या खेड्यांतली म्हातारी माणसं ‘चार विसा’ म्हणत, तीच ही मोजणी.

वोझला १६५०मध्ये वारला तेव्हा कर्जात बुडालेला होता. सावकारांनी त्याचे कागद जप्त केले, त्यांत अकादमीच्या शब्दकोशाची टिपणंही गेली, आणि ती सोडवून आणता आणता अकादमीला बरीच खटपट करावी लागली. भाषेचे कायदे सांगणाऱ्या या माणसाबद्दल मला माया आहे. तो स्वतः पॅरिसबाहेरून आलेला, म्हणूनच कान देऊन ऐकणारा होता.

त्याचं सगळंच मात्र मला मान्य नाही. शंभर बायका आणि एक पुरुष असले तरी ‘ते’ पुल्लिंगीच का, असा प्रश्न वर्गातल्या मुली विचारतात. पूर्वी विशेषण जवळच्या नामाप्रमाणे चालवण्याची रीत होती, रासीनच्या नाटकांतही ती आढळते. वोझलाने पुल्लिंगाला अधिक प्रतिष्ठित ठरवलं. १७६७मध्ये बोझे या व्याकरणकाराने कारणही देऊन टाकलं: नर मादीपेक्षा श्रेष्ठ, म्हणून. हे व्याकरणाचं कारण नव्हे, आणि तसं मी वर्गात सांगते. २०१७मध्ये फ्रान्समधल्या ३१४ शिक्षकांनी ‘पुल्लिंगाची सरशी होते’ हा नियम यापुढे शिकवणार नाही असं जाहीर केलं, तेव्हा मला फार बरं वाटलं. पत्रलेखिका मादाम द सेव्हिन्येंनी तर वोझलाच्याच शतकात हे ओळखलं होतं. विद्वान मेनाजने आपल्याला सर्दी झाल्याचं सांगितलं, त्यावर ‘मलाही’ म्हणताना त्यांनी स्त्रीलिंगी सर्वनाम वापरलं. मेनाजने नियम दाखवला, इथे पुल्लिंगी रूपच हवं. तसं बोलले तर मला दाढी फुटल्यासारखं वाटेल, असं त्या म्हणाल्या.

आता त्या नियमाकडे येते, ज्याच्यासाठी मी सगळ्यात जास्त वेळ राखून ठेवते.

‘मी पत्र लिहिलं’ यासाठी फ्रेंच ‘झे एक्री युन लेत्र’ म्हणते. पत्र स्त्रीलिंगी असूनही ‘एक्री’ तसाच राहतो. पण ‘मी लिहिलेलं पत्र’ म्हणायचं झालं, तर पत्र आधी येतं आणि ‘एक्री’चं ‘एक्रीत’ होतं: ‘ला लेत्र क झे एक्रीत’. कर्म आधी आलं तर क्रियापदाचं रूप त्याच्याप्रमाणे, नंतर आलं तर नाही. फ्रेंच शाळांतली पोरं या नियमापायी पिढ्यान्‌पिढ्या रडली आहेत. मराठी विद्यार्थी मात्र वेगळीच चूक करतो. तो दोन्हीकडे ‘एक्रीत’ लिहितो. का नाही लिहिणार? मी निबंध लिहिला, मी चिठ्ठी लिहिली, मी पत्र लिहिलं: कर्मणी प्रयोग त्याच्या हाडीमाशी आहे. संस्कृतात ‘मया पत्रिका लिखिता’ असं म्हणत, तिथे ‘लिखिता’ हे पत्रिकेचं विशेषण होतं. लॅटिनमध्येही हेच होतं. ‘माझ्याजवळ लिहिलेली पत्रं आहेत’ अशी मूळ रचना, आणि ‘लिहिलेली’ हे पत्रांचं विशेषण. त्यातला ‘जवळ असणे’ हा अर्थ हळूहळू विरला आणि ते क्रियापद नुसतं साहाय्यक उरलं. जुन्या फ्रेंचमध्ये कर्म नंतर आलं तरी लिंगवचन जुळवलेलं ठिकठिकाणी दिसतं. माझ्या विद्यार्थ्याचं चुकीचं वाक्य मध्ययुगातल्या लेखनिकाला चुकीचं वाटलं नसतं. हे मी त्याला सांगते, आणि मग लाल शाईने दुरुस्त करते.

एकदा एका मुलीने विचारलं, ‘म्हणजे मॅडम, पोळी आधी आली तर खाल्ली, आणि नंतर आली तर खाल्लं?’ इतक्या थोडक्यात हा नियम मी कुठल्याही पुस्तकात वाचलेला नाही.

नियमाला नाव आणि साल आहे. क्लेमाँ मारो हा पहिल्या फ्रान्स्वाचा दरबारी कवी. धर्मसुधारणावाद्यांशी जवळीक असल्याच्या संशयावरून १५३४नंतर त्याला देश सोडून इटलीत फेराराला आश्रय घ्यावा लागला. परत आल्यावर, १५३८च्या त्याच्या संग्रहात, शिष्यांना उद्देशून एक छोटी कविता आहे. आधी येणारा शब्द पुढच्याला चालवतो, हे तो तिच्यात सांगतो आणि इटालियनचा दाखला देतो. त्याने सांगितलं आणि सगळ्यांनी ऐकलं असं झालं नाही. शंभर वर्षांनी वोझलाने तो नियम उचलला. फ्रेंच व्याकरणात याहून महत्त्वाचं आणि याहून कमी लोकांना ठाऊक असलेलं काही नाही, अशी त्याची तक्रार होती. एकोणिसाव्या शतकात शाळा सर्वांसाठी खुल्या झाल्या आणि दरबारातला हा नियम खेड्यातल्या पोराच्या शुद्धलेखनाच्या वहीत आला. नोएल आणि शाप्साल यांचं १८२३चं व्याकरण घरोघर पोचलं. आंद्रे शेर्व्हेल या इतिहासकाराने १९७७मध्ये दाखवून दिलं, की शालेय व्याकरणाचा मोठा भाग केवळ स्पेलिंग शिकवता यावं म्हणून रचला गेला. मला ते पटतं. बहुतेक क्रियापदांत हा फरक कानाला ऐकूच येत नाही, फक्त कागदावर दिसतो.

सरकारनेही एकदा धीर केला होता. ३१ जुलै १९०० रोजी शिक्षणमंत्री जॉर्ज लेग यांनी आदेश काढला: परीक्षेत कोणी हे रूप बदललं नाही, तरी चूक धरू नये. अकादमीने आक्षेप घेतला. २६ फेब्रुवारी १९०१च्या नव्या आदेशात ती सवलत जवळजवळ सगळी काढून घेतली गेली. त्या अकादमीने स्वतःच्या घटनेत १६३५मध्येच व्याकरण लिहिण्याचं वचन दिलं होतं. ते प्रसिद्ध झालं १९३२मध्ये, आणि फेर्दिनाँ ब्रुनो या भाषेतिहासकाराने त्यातले दोष दाखवणारं पुस्तकच त्याच वर्षी काढलं.

६ डिसेंबर १९९०ला सरकारी राजपत्रात स्पेलिंगच्या सुधारणा छापल्या गेल्या. बऱ्याच शब्दांतल्या ‘इ’ आणि ‘यु’वरची टोपी ऐच्छिक झाली. २०१६मध्ये पाठ्यपुस्तकं ती रूपं वापरणार अशी बातमी आली आणि फ्रान्सभर गदारोळ झाला. ही टोपी म्हणजे पुष्कळदा गळालेल्या ‘स’ची खूण. १९६२मध्ये आपण अनुच्चारित अनुस्वार काढले, तेव्हा ‘नांव’मधला नाकातला सूर गेला म्हणून हळहळणारी माणसं आमच्या घरातही होती. त्यांचं दुःख मी समजू शकते; तरी अनुस्वाराशिवाय मराठी शिकलेल्या पिढ्यांचं काही अडलं नाही.

कर्माच्या नियमाला मात्र १९९०मध्ये फारसा हात लागला नाही. ‘लेसे’पुढे दुसरं क्रियापद आलं तर रूप बदलू नये, एवढीच सूट मिळाली. २०१८मध्ये आर्नो एद आणि जेरोम पिराँ या दोन बेल्जियन शिक्षकांनी नियमच सोडून देण्याचा प्रस्ताव मांडला. माझं मत त्यांच्या बाजूने आहे, लेग यांचा पहिला आदेश टिकायला हवा होता. पण परीक्षेतला तपासनीस माझं मत विचारणार नाही, म्हणून नियम मी पूर्ण शिकवते: आधी फळ्यावर मारोचं नाव आणि १५३८, त्याखाली पोळीचं वाक्य, आणि मग सरावाची वाक्यं.