लग्नाची डीव्हीडी : वऱ्हाडातील एका विस्मृत होणाऱ्या साधनाचा इतिहास

#थ्रेड

१/ 'वऱ्हाड' या शब्दाला मराठीत दोन अर्थ आहेत. एक, अमरावती-अकोल्याचा प्रदेश. दुसरा, लग्नाला निघालेली मंडळी. या दोन्ही वऱ्हाडांची गाठ एका चकचकीत तबकडीवर पडली : लग्नाची घरगुती डीव्हीडी. संगणकातील व्हिडिओ फाइलपासून ती कशी घडत असे आणि आज तिच्यासोबत काय नाहीसे होऊ शकते, ते पाहू.

२/ आधी पूर्वपीठिका. व्हीएचएस कॅसेट १९७६ मध्ये जपानात आली. १९८२ च्या आशियाई क्रीडा स्पर्धांनी भारतात रंगीत दूरदर्शन आणले आणि पुढे 'लग्नाची कॅसेट' रूढ झाली. १९९३ मध्ये व्हीसीडीचे मानक ठरले. तिच्यात जेमतेम ७४ मिनिटे मावत. नोव्हेंबर १९९६ मध्ये जपानात डीव्हीडी प्लेअर विक्रीस आले.

३/ भारतात डीव्हीडी घरोघरी पोहोचली ती स्वस्ताईमुळे. २००७ च्या सुमारास मोझर बेअर कंपनीने चित्रपटांच्या व्हीसीडी २८ आणि डीव्हीडी ३४ रुपयांना विकायला काढल्या. टीव्हीशेजारी प्लेअर आला, तसा फोटो स्टुडिओत नवा आग्रह सुरू झाला : "कॅसेट नको, डीव्हीडी राईट करून द्या."

४/ येथे एक गैरसमज दूर करायला हवा. व्हिडिओ फाइल तबकडीवर उतरवली म्हणजे डीव्हीडी झाली, असे नव्हे. एव्हीआय फाइल संगणक चालवी, पण जुना प्लेअर ती ओळखतही नसे. त्याला एकच भाषा ठाऊक : एमपीईजी-२ पद्धतीचे चित्र आणि भारतातील पाल प्रणालीनुसार ७२० × ५७६ बिंदू, सेकंदाला २५ चौकटी. म्हणून रूपांतर अटळ होते.

५/ पहिली पायरी एन्कोडिंगची. मिनी डीव्ही टेपवरील एका तासाचे चित्रण संगणकात सुमारे १३ जीबी जागा घेई आणि साध्या तबकडीची क्षमता होती ४.७ जीबी. म्हणजे ३७.६ अब्ज बिट. लग्न दोन तासांचे असेल, तर प्रत्येक सेकंदाच्या वाट्याला सुमारे ५२ लाख बिट येत. सहा तासांचे सोहळे एकाच तबकडीत कोंबले, तर जेमतेम १७ लाख.

६/ ही काटकसर कोठे दिसे? एमपीईजी-२ प्रत्येक चौकट पूर्ण साठवत नाही. मागील चौकटीहून काय बदलले, तेवढेच बहुतेक वेळा नोंदवते. स्थिर मांडव, बसलेले पाहुणे यांना थोडे बिट पुरतात. पण मंगलाष्टक संपते आणि शेकडो हातांतून अक्षता उडतात, तेव्हा चित्राचा कण न् कण बदलतो. बिट अपुरे पडतात आणि चित्राचे चौकोन पडतात. सोहळ्याचा सर्वोच्च क्षणच सर्वाधिक अस्पष्ट!

७/ दुसरी पायरी ऑथरिंगची. हळद, सीमांतपूजन, मंगलाष्टके, पाठवणी असा मेनू बांधला जाई. तबकडीत VIDEO_TS हा फोल्डर तयार होई. त्यातील व्हीओबी फाइलींत चित्र व ध्वनी, आयएफओमध्ये कोठे काय आहे याची अनुक्रमणिका आणि बीयूपीमध्ये तिची राखीव प्रत. एक व्हीओबी १ जीबीहून मोठी होऊ शकत नाही, म्हणून एकच लग्न चार-पाच तुकड्यांत विभागलेले दिसते.

८/ तिसरी पायरी 'राईट' करण्याची. कोऱ्या तबकडीतील सेंद्रिय रंगाच्या थरावर लेसर किरण खुणा उमटवतो. शेवटी 'फायनलाइझ' केले नाही, तर प्लेअर तबकडी वाचत नाही. नीरो, डीव्हीडी फ्लिक ही या कामाची परिचित सॉफ्टवेअरे. एन्कोडिंगला तास न् तास लागत आणि तो काळ विदर्भात भारनियमनाचा. मध्येच वीज गेली की काम पुन्हा पहिल्यापासून.

९/ आता इतिहासाच्या दृष्टीने कळीचा मुद्दा. हार्ड डिस्क लहान व महाग होत्या. तबकडी ग्राहकाच्या हाती पडली की मोठ्या मूळ फाइली पुसल्या जात, टेपवर दुसऱ्या लग्नाचे चित्रण होई. घरच्यांनीही जुन्या कॅसेटची डीव्हीडी करून घेतली आणि कॅसेट भंगारात दिली. पाहण्यापुरती केलेली नक्कल अशा रीतीने एकमेव साधन होऊन बसली. एन्कोडिंगमध्ये गेलेले तपशील आता कशानेही परत येणार नाहीत.

१०/ वऱ्हाडाला हा अनुभव नवा नाही. अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर येथे तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांनी 'लीळाचरित्र' सिद्ध केले. महानुभाव परंपरा सांगते की आक्रमणाच्या धामधुमीत मूळ पोथी नष्ट झाली आणि अनुयायांनी ती स्मरणातून पुन्हा लिहिली. आज आपल्यापाशी आहेत ते अनेक पाठ. मूळ नसेल, तर नकलेची वंशावळ तपासावी लागते.

११/ दुसरा धडाही तेथलाच. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिपींत उतरवले. पोथ्या टिकल्या, तरी पंथाबाहेरच्यांना त्या वाचता येत नव्हत्या. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे यांनी ही लिपी उलगडली, तेव्हा कोठे वाट मोकळी झाली. साधन टिकणे आणि ते वाचता येणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत.

१२/ डीव्हीडीवर ही दोन्ही संकटे एकदम आली आहेत. उष्णता आणि ऊन यांनी रंगाचा थर बिघडतो आणि वऱ्हाडातला उन्हाळा ४५ अंशांपुढे जातो. दुसरीकडे वाचणारी यंत्रेच ओसरत आहेत. विंडोज व्हिस्टामध्ये २००७ साली आलेले 'डीव्हीडी मेकर' २०१२ च्या विंडोज ८ मधून वगळले गेले. नव्या लॅपटॉपांत बहुधा ड्राइव्हच नसतो.

१३/ म्हणून, मित्रहो, हे काम पुढच्या सुट्टीवर टाकू नका. एखादा यूएसबी ड्राइव्ह मिळवा आणि VIDEO_TS फोल्डर जसाच्या तसा दोन ठिकाणी उतरवून ठेवा. मोबाइलसाठी लहान फाइल अवश्य करा, पण तिला मूळ समजू नका. प्रत्येक नव्या एन्कोडिंगमध्ये थोडे आणखी गळते.

१४/ आणि एक काम संगणकाबाहेरचे. घरातील वडीलधाऱ्यांसोबत बसून ते लग्न एकदा पाहा. पंगतीत वाढणारा कोण, ओवाळणारी आत्या कोणती, मांडव कोणत्या गावचा, हे विचारून वहीत तारखेसह लिहा. ती माहिती कोणत्याही व्हीओबी फाइलीत नाही. ती ज्यांच्या स्मरणात आहे, त्यांची दुसरी प्रत निघत नाही.