गाडी बदलायचं गाव



मागच्या महिन्यात पुण्याहून नातीचा फोन आला. तिला शाळेत 'माझे मूळ गाव' असा प्रकल्प करायचा होता. प्रश्न तयारच होते. "आजोबा, पूर्णेत किल्ला आहे का?" नाही. "लेणी?" नाही. "कुठल्या राजाची राजधानी होती?" नव्हती बाई. "मग आहे तरी काय?" माझ्या तोंडून पटकन निघून गेलं, "जंक्शन आहे." ती हसली. "म्हणजे गाडी बदलायचं गाव!"

मीही हसलो. फोन ठेवल्यावर मात्र मनाला लागलं. मी बत्तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला. पानिपत शिकवलं, फ्रान्सची क्रांती शिकवली. आणि स्वतःच्या गावाबद्दल नातीला सांगायला माझ्याकडे एकच शब्द निघाला. तेव्हा हा लेख तिच्यासाठी, आणि तुमच्यासाठीही.

सुरुवात नदीपासून करू. अजिंठ्याच्या डोंगरात उगम पावणारी पूर्णा आमच्या गावाजवळून पुढे जाते आणि कंठेश्वरजवळ गोदावरीला मिळते. गावाचं नाव नदीचंच. गंमत म्हणजे महाराष्ट्रात दुसरीही एक पूर्णा आहे. ती विदर्भातून वाहत तापीला मिळते. एकीचं पाणी बंगालच्या उपसागरात जातं, दुसरीचं अरबी समुद्रात. आमच्या पूर्णेहून खांडव्याकडे जाणारी जुनी गाडी अकोला सोडून अकोटकडे निघाली की त्या दुसऱ्या पूर्णेवरून जायची. लहानपणी दादांनी (माझे वडील) हे सांगितलं तेव्हा मला वाटलं, आपली नदी गाडीच्या पुढे पळत जाऊन तिथं उभी राहिली आहे!

गोदावरीचा हा काठ म्हणजे कायम कुणाच्या ना कुणाच्या सरहद्दीचा मुलूख. आमच्याच जिल्ह्यातलं पाथरी घ्या. अहमदनगरच्या निजामशाहीचे पूर्वज पाथरीचे कुलकर्णी होते असं फरिश्ता लिहितो. बुऱ्हाण निजामशहानं १५१८ मध्ये वऱ्हाडच्या इमादशाहीकडून पाथरी जिंकून घेतलं, ते या ओढीनंच. पुढे मोगल आले. १७२४ मध्ये साखरखेर्ड्याची लढाई जिंकून निजाम दख्खनचा मालक झाला. १७६३ मध्ये राक्षसभुवनला, याच गोदावरीवर, पेशव्यांनी निजामाचा पराभव केला. आमच्या शेतकऱ्यानं मात्र ज्याचा अंमल असेल त्याला सारा भरला.

राजांच्या सरहद्दी अशा हलत राहिल्या, पण संतांनी त्या कधी मोजल्या नाहीत. हिंगोलीजवळचं नरसी हे नामदेवांचं गाव, आणि गंगाखेड जनाबाईचं. पूर्णेहून दोन्ही जवळ. नामदेव पंढरपूरहून थेट पंजाबात पोचले. त्यांची ६१ पदं शिखांच्या गुरुग्रंथसाहेबात आहेत. आणि १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंगांनी ग्रंथसाहेबालाच गुरुपद दिलं ते कुठं, तर आमच्यापासून तीसेक किलोमीटरवरच्या नांदेडला! म्हणजे या मातीतून निघालेला शब्द पंजाबला गेला आणि चारशे वर्षांनी परत याच गोदावरीकाठी येऊन बसला. अमृतसरहून नांदेडला येणारी सचखंड एक्स्प्रेस पूर्णेवरून जाते तेव्हा मला हे हटकून आठवतं.

आता रूळ. १९०० च्या आसपास हैदराबाद ते मनमाड ही गोदावरी खोऱ्याची लाईन झाली आणि आमच्या नदीकाठच्या खेड्याला स्टेशन मिळालं. १९१२ मध्ये इथूनच हिंगोलीला फाटा निघाला आणि पूर्णेचं जंक्शन झालं. हिंगोलीच का? तर तिथं हैदराबाद कंटिन्जंटची जुनी छावणी होती, कापसाचा व्यापार होता. हा फाटा मात्र हिंगोलीलाच संपायचा. पुढे पैनगंगा आणि पैनगंगेपलीकडे वऱ्हाड, म्हणजे इंग्रजांचा कारभार. रूळ त्या वेळी सरहद्दीच्या अलीकडेच थांबले. ते पलीकडे अकोला, खांडव्याला जोडले गेले ते स्वातंत्र्यानंतर.

सरहद्द म्हणजे काय ते आजच्या मुलांना सांगावं लागतं. वाशिम-हिंगोली रस्त्यावरच्या गावाचं नावच कनेरगाव नाका. निजामाच्या जकात खात्याला म्हणायचे करोडगिरी. माल इकडून तिकडे न्यायचा तर करोडगिरी भरा. पैसाही वेगळा. इकडे हाली सिक्का, तिकडे कलदार. शंभर कलदार घ्यायचे तर एकशे सोळा-सतरा हाली मोजावे लागत. "कलदार" हा शब्द आमची आजी शेवटपर्यंत "अस्सल" या अर्थानं वापरायची. चांगल्या सुनेला ती कलदार म्हणायची!

कॅलेंडरही वेगळं. निजामाचं वर्ष फसली, ऑक्टोबरात सुरू होणारं. महिने आजूर, दय, बहमन, इस्फंदार... आमच्या दादांचा जन्म शाळेच्या दाखल्यात 'खुर्दाद १३३५ फसली' असा उर्दूत होता. म्हणजे एप्रिल १९२६ च्या आसपास. आता फसलीचं इसवी सन करताना पहिल्या तीन महिन्यांना ५९० मिळवायचे आणि पुढच्या महिन्यांना ५९१. दाखला इंग्रजीत उतरवताना कुणीतरी सरसकट ५९० मिळवले आणि दादा कागदावर एक वर्षानं मोठे झाले. १९८४ ऐवजी १९८३ मध्येच रिटायर झाले. दादा म्हणायचे, "निजाम गेला तेव्हा मी बाविशीचा होतो, पण जाताना माझं एक वर्ष घेऊन गेला." एका बेरजेनं एका घराचा वर्षाचा पगार जातो. इतिहास असाही असतो.

दादा रेल्वेत कारकून होते. नोकरीला लागले तेव्हा निजाम स्टेट रेल्वे, १९५१ मध्ये मध्य रेल्वे, १९६६ मध्ये दक्षिण मध्य रेल्वे. टेबल तेच, शिक्के बदलले. माझंही तसंच. मी जन्मलो १९५० मध्ये हैदराबाद राज्यात. १९५६ मध्ये शाळेत नाव घातलं त्याच वर्षी नोव्हेंबरात आमचा मराठवाडा मुंबई राज्यात गेला. चौथी झालो तोवर १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. तीन राज्यं झाली, आणि घर एकच, स्टेशनामागचं.

आता ज्याच्यासाठी एवढं लिहायला बसलो ते सांगतो.

१९४७ मध्ये देश स्वतंत्र झाला, हैदराबाद संस्थान झालं नाही. लातूरच्या कासीम रझवीच्या रझाकारांनी खेड्यापाड्यांत दहशत घातली. स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली स्टेट काँग्रेसचा लढा चालू होता. सरहद्दीपलीकडे वाशिम, उमरखेड इथं कार्यकर्त्यांचे कॅम्प होते. करोडगिरीची नाकी जाळली जात होती. ३० जानेवारी १९४८ ला आमच्याच लाईनवरच्या उमरीची बँक क्रांतिकारकांनी ताब्यात घेऊन लढ्यासाठी पैसा उभा केला. गावोगावची कुटुंबं पैनगंगा ओलांडून वऱ्हाडात चालली होती. अखेर १३ सप्टेंबरला भारतीय फौजा आत आल्या आणि १७ सप्टेंबर १९४८ ला निजाम शरण आला.

हे मी वर्गात दरवर्षी शिकवलं. रंगवून शिकवलं. मुलं टाळ्या वाजवायची.

आमच्या घरातली त्या वर्षाची गोष्ट अशी. आईचं नवीन लग्न झालेलं. तिला वाशिमला मामाकडे पाठवायचं ठरलं. हिंगोलीपर्यंत गाडी, पुढे बैलगाडी. पण गाडीत रझाकार झडती घेत. आमच्या शेजारच्या क्वार्टरमध्ये एक मुसलमान फायरमन राहायचे. दादा त्यांना चाचा म्हणत. चाचांनी स्वतःच्या बायको-लेकरांना गाडीत बसवलं, त्यांच्यात आईला बसवलं आणि "ही माझी बहीण" म्हणून हिंगोलीला नेऊन पोचवलं. आई ही गोष्ट दर १७ सप्टेंबरला सांगायची. चाचांचं नाव निघालं की हात जोडायची.

गोष्टीचा दुसरा भाग मला कळला तो फार नंतर. दादा रिटायर झाल्यावर, आई गेल्यावर. एका रात्री लाईट गेलेली, आम्ही दोघंच अंगणात. दादा आपणहून बोलले. फौजा आल्यावर पारडं फिरलं. खेड्यांतल्या मुसलमानांवर सूड निघू लागला. त्यांतल्या कित्येकांचा रझाकारांशी काही संबंध नव्हता. चाचांचा भाऊ एका खेड्यात राहायचा. तिकडून वाईट बातमी आली तेव्हा चाचा आमच्या दारात आले. म्हणाले, "तुम सोबत चलो. तुम्हारे साथ रहूंगा तो कोई कुछ नहीं बोलेगा."

दादा म्हणाले, "मी गेलो नाही. ड्यूटी आहे म्हणालो. ड्यूटी नव्हती. भीती वाटली."

चाचा एकटेच गेले. भावजय आणि दोन लेकरं घेऊन परत आले. भाऊ आला नाही. काही महिन्यांनी बदली मागून ते हैदराबादला गेले. दादा त्यांना सोडायला स्टेशनवर गेले होते. दोघं काय बोलले ते दादांनी सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

त्या वेळी भारत सरकारनं पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांची एक समिती पाठवली होती. संस्थानभर मिळून सत्तावीस ते चाळीस हजार माणसं मेली असावीत असा तिचा अंदाज होता. सर्वांत जास्त झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत आमच्या शेजारचं नांदेड होतं. हा अहवाल कितीतरी वर्षं बासनात राहिला. सामान्य वाचकासमोर आला तो २०१३ च्या सुमारास. मी वाचला तेव्हा दादा नव्हते. वाचताना मला आकडे दिसत नव्हते, लाईट गेलेलं अंगण दिसत होतं.

कुणी म्हणेल, सर, हे आत्ताच कशाला? रझाकारांचा जुलूम खरा नव्हता का? होता. शंभर टक्के होता. ज्यांनी तो भोगला ती माणसं मी पाहिली आहेत. मुक्तिसंग्रामाबद्दलचा माझा आदर तसूभरही कमी झालेला नाही. पण माझी आई सुखरूप पोचली ती चाचांमुळे, आणि चाचांबरोबर कुणी गेलं नाही, हेही खरं. पहिलं सांगायचं आणि दुसरं गाळायचं, हे मी बत्तीस वर्षं केलं. पुस्तकात नव्हतं, हे माझं कारण. म्हणजे दादांची "ड्यूटी" आणि माझं "पुस्तक" एकाच जातीचं. असो.

आता थोडं पुन्हा रुळांकडे. निजामाची ही लाईन मीटर गेज आणि मनमाडची ब्रॉड गेज. त्यामुळे मुंबईला निघालेला माणूस मनमाडला उतरून गाडी बदलायचा. संस्थान गेलं तरी ही सरहद्द चाळीस-पंचेचाळीस वर्षं टिकली! १९९० च्या दशकात मोठी लाईन टप्प्याटप्प्यानं आमच्यापर्यंत आली. अकोल्याचा फाटा मात्र छोटाच राहिला. मग जी अदलाबदल मनमाडला व्हायची ती आमच्या प्लॅटफॉर्मवर होऊ लागली. एका बाजूला मोठी गाडी, दुसऱ्या बाजूला छोटी, मधे गाठोडी सांभाळत पळणारी माणसं. छोट्या लाईनवरची मीनाक्षी एक्स्प्रेस थेट जयपूरकडे जायची. रंगीत पागोट्यांचे राजस्थानी, पगडीधारी शीख, औंढ्या नागनाथाला निघालेले तेलुगू भाविक असे सगळे आमच्या नळावर पाणी भरायचे. गावात बुद्धविहार आहे. धम्म परिषदेला दूरदूरहून भिक्खू येतात, तेही या रुळांवरूनच. २००८ मध्ये अकोल्याची लाईनही मोठी झाली आणि गेजची सरहद्द संपली. आता कितीतरी प्रवासी पूर्णेला न उतरता पुढे जातात.

तर बाळा, तुझं बरोबर होतं. हे गाडी बदलायचंच गाव. इथं राज्य बदललं, नाणं बदललं, कॅलेंडर बदललं, रुळाची रुंदी बदलली. किल्ला नाही, पण दाखवायला खूप आहे. दिवाळीत ये. तुला कंठेश्वरचा संगम दाखवतो, दादांचा तो उर्दू दाखला दाखवतो आणि स्टेशनामागची ती दोन क्वार्टरं कुठं होती ती जागा दाखवतो. प्रकल्पात दोन्ही भाग लिही. मार्क कमी पडले तर मी बाईंशी बोलेन.

आणि नातेवाईक मंडळींना एक विनंती. चाचांचं खरं नाव मला माहीत नाही. घरात सगळे "चाचा"च म्हणत. नात्यातल्या कुणा वडीलधाऱ्यांना ते आठवत असेल तर जरूर कळवा. एवढ्या वर्षांनी निदान नाव तरी लिहून ठेवू.