माफीनाम्यानंतर

बदलीच्या नोकरीत नवे गाव पाहण्याची एक ठरावीक रीत पडून जाते. प्रथम कचेरी, मग बिऱ्हाड, मग मुलांची शाळा, दूध, किराणा आणि त्यानंतर सवड उरलीच तर आपली चार मराठी माणसे. गावाचा इतिहास ह्या यादीत बहुधा नसतोच. रायपुरास बदलून आल्यावर पहिले आठ महिने मी रोज बूढा तलावाजवळच्या 'सप्रे शाळे'वरून कचेरीत जात होतो. नाव मराठी आहे, एवढीच नोंद मनाने घेतली होती. कोणी दानशूर गृहस्थ असतील, त्यांच्या देणगीतून शाळा उभी राहिली असेल, असा समज करून घेऊन मी पुढे जात असे. एके दिवशी शेजारच्या टेबलावरच्या छत्तीसगढी सहकाऱ्याने सहज विचारले, "सप्रेजी तुमच्याच लोकांतले ना?" मला धड उत्तर देता आले नाही. ते कोण, त्यांनी काय केले, हे त्याला ठाऊक होते, मला नव्हते. त्या दिवसाच्या शरमेतून जे वाचन घडले, त्यातून हा लेख निघाला आहे.

माधवराव सप्रे ह्यांचा जन्म १९ जून १८७१ रोजी दमोह जिल्ह्यातील पथरिया ह्या गावी झाला. मराठ्यांच्या राजवटीत ह्या मुलखात अनेक महाराष्ट्रीय कुटुंबे येऊन स्थिरावली. राज्य गेले, तरी माणसे राहिली. घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर हिंदी, अशा दुहेरी व्यवहारात त्यांच्या पिढ्या वाढल्या. माधवरावांचे बालपण बिलासपुरास गेले आणि हायस्कूलचे शिक्षण रायपुरास झाले. येथेच नंदलाल दुबे नावाचे शिक्षक त्यांना लाभले व हिंदीची गोडी लागली. पुढे जबलपूर, ग्वाल्हेर, नागपूर अशी भ्रमंती करीत ते बी. ए. झाले. त्या काळी मध्यप्रांतात पदवीधर विरळा असे आणि सरकारी नोकरी मिळविणे त्याला अवघड नसे. माधवराव मात्र त्या वाटेस गेले नाहीत. बिलासपूरकडील पेंड्रा ह्या जमीनदारीत राजकुमारास इंग्रजी शिकविण्याचे काम त्यांनी पत्करले. साध्या राहणीतून जे शिल्लक पडले, त्यावर जानेवारी १९०० मध्ये 'छत्तीसगढ़ मित्र' हे मासिक सुरू केले.

पेंड्र्याचे ते दिवस डोळ्यांपुढे आणून पाहावेत. भोवती साल वृक्षांचे रान, वाचणारा वर्ग तुरळक, छपाई दूर रायपुरास व नंतर नागपुरास. अशा ठिकाणाहून मासिक काढणे म्हणजे व्यवहारी माणसाच्या दृष्टीने शुद्ध वेडेपणाच. परंतु माधवराव एकटे नव्हते. संपादनात रामराव चिंचोलकर त्यांच्या जोडीस होते आणि मालक म्हणून वामन बळिराम लाखे ह्यांचे नाव होते. तिघेही महाराष्ट्रीय, आणि तिघांनी मिळून जे काढले ते हिंदी मासिक! आपण ज्यांच्यात राहतो त्यांच्या भाषेचे आपण देणे लागतो, हे त्यांनी गृहीतच धरले होते. नव्या हिंदी पुस्तकांची परखड समीक्षा हे ह्या मासिकाचे वैशिष्ट्य ठरले. पैशाचे पाठबळ मात्र कधीच पुरेसे झाले नाही आणि तीन वर्षे चालून डिसेंबर १९०२ मध्ये ते बंद पडले.

ह्याच मासिकात १९०१ साली माधवरावांची 'एक टोकरी भर मिट्टी' ही छोटी कथा आली. पुष्कळ अभ्यासक तिला हिंदीतील पहिली कथा मानतात. एका जमीनदाराने गरीब विधवेची झोपडी बळकावलेली असते. ती त्याच्याकडे झोपडीतील टोपलीभर माती मागते. चूल घालावयाची असते. टोपली डोक्यावर घेण्यास हात लावा, अशी विनवणी ती त्यालाच करते. टोपली त्याच्याने उचलत नाही. तेव्हा ती त्याला एवढेच विचारते, की एका टोपलीचे ओझे पेलत नसेल, तर ह्या जागेतल्या हजारो टोपल्यांचे ओझे जन्मभर कसे वाहणार? जमीनदार झोपडी परत करतो. ही कथा लिहिताना माधवराव तिशीचे होते. आपल्यावरही एक ओझे येऊन पडणार आहे, ह्याची त्यांना तेव्हा कल्पना असणे शक्य नव्हते.

१९०५ च्या वंगभंगाने देशाची हवा पालटली. माधवराव आता नागपुरास होते. १९०६ मध्ये त्यांनी 'हिंदी ग्रंथमाला' काढली आणि तिच्यातून स्वदेशी व बहिष्कार ह्या विषयांवर पुस्तक प्रसिद्ध केले. सरकारने ते पुढे जप्त केले. लोकमान्यांचा 'केसरी' मराठी वाचकांपुरता राहू नये, त्यातील विचार हिंदी मुलखातील खेड्यापाड्यांत पोहोचावा, ह्या हेतूने १३ एप्रिल १९०७ रोजी त्यांनी 'हिंदी केसरी' हे साप्ताहिक सुरू केले. त्यानंतरचे दीड वर्ष म्हणजे एकामागून एक धक्के. डिसेंबर १९०७ मध्ये सुरतेस काँग्रेस दुभंगली. एप्रिल १९०८ च्या अखेरीस मुझफ्फरपूरचा बाँब उडाला. जूनमध्ये वृत्तपत्रांच्या मुसक्या बांधणारा कायदा आला, त्याच महिन्यात टिळकांना पकडण्यात आले आणि २२ जुलै रोजी सहा वर्षांची शिक्षा झाली. बरोबर एक महिन्याने, २२ ऑगस्ट १९०८ रोजी, राजद्रोहाच्या १२४-अ कलमाखाली माधवरावांना अटक झाली.

येथवरची कथा आपल्या ओळखीच्या वळणाची आहे. तेजस्वी संपादक, जुलमी सरकार, तुरुंग. ह्यापुढचे वाक्य शिक्षा भोगून बाहेर आलेल्या वीराविषयी असावे अशी आपली अपेक्षा असते. परंतु घडले ते निराळे. घरच्यांची असह्य कुचंबणा झाली. थोरल्या बंधूंनी तर सुटका करून घेतली नाही तर जीव देईन, असे निर्वाणीचे सांगितले. माधवराव ह्या दडपणापुढे वाकले. त्यांनी माफीनामा लिहून दिला आणि नोव्हेंबर १९०८ मध्ये ते सुटले. टिळक मंडालेच्या तुरुंगात आणि टिळकांचा हिंदी आवाज माफी मागून घरी! ज्यांनी त्यांचा अंक मिटक्या मारीत वाचला होता, त्यांच्यापैकी कित्येकांनी तोंड फिरविले. 'हिंदी केसरी'ही पुढे बंद पडला.

ह्या ठिकाणी मी वाचता वाचता थांबलो. मोठ्या माणसाशी आपली तुलना करण्याचा हा प्रकार नव्हे. परंतु वाचक माझ्याच व्यवसायातले आहेत, म्हणून सांगण्यास संकोच वाटत नाही. काही वर्षांपूर्वी दुसऱ्या एका गावी असताना मी तेथील वृत्तपत्रात, एका सार्वजनिक गैरसोयीविषयी, साधासा लेख लिहिला होता. वरिष्ठांकडून खुलासा मागविण्यात आला. मी खुलासा लिहिला, त्याच्या शेवटी दिलगिरीचे एक वाक्य लिहिले आणि सही केली. प्रकरण तेथेच मिटले. कोणी मला काही बोलले नाही. मी मात्र त्यानंतर चार वर्षे एक ओळदेखील लिहिली नाही. नोकरी, मुले, वडिलांचे औषधपाणी अशी कारणे स्वतःस सांगत राहिलो. ती खोटी नव्हती, पण खरे कारण ते दिलगिरीचे वाक्य होते. अटकेच्या वेळी माधवरावांचे वय ३७ होते. माझे आज तेवढेच आहे. म्हणून ते सुटून आल्यानंतर त्यांनी काय केले, हे जाणून घेण्याची मला विलक्षण निकड वाटली.

त्यांनी प्रथम केले ते एवढेच, की त्यांनी स्वतःचे समर्थन केले नाही. त्यांनी सार्वजनिक जीवन सोडले व वर्ध्याजवळच्या हनुमानगडावर श्रीधर विष्णु परांजपे ह्या रामदासी सत्पुरुषाच्या सहवासात सुमारे वर्षभर राहिले. बी. ए. झालेला, देशभर नाव गेलेला हा संपादक तेथे मधुकरी मागून जेवत होता. ह्या प्रायश्चित्ताकडे आजच्या दृष्टीने पाहून कोणी म्हणेल, की हा पळ काढणे झाले. मला तसे वाटत नाही. कारण ह्याच काळात त्यांच्या हाती 'दासबोध' आला, आणि तो केवळ पारायणासाठी आला नाही. समर्थांचा हा ग्रंथ हिंदी वाचकांसाठी भाषांतरित करावयाचे त्यांनी मनावर घेतले. ज्याचा स्वतःच्या शब्दांवरचा विश्वास उडाला आहे, त्याने दुसऱ्याचे शब्द प्रामाणिकपणे वाहून नेण्याचे काम पत्करावे, ह्यात मला मोठे शहाणपण दिसते. अनुवादकास व्यासपीठ लागत नाही आणि त्याला कोणी वीर म्हणत नाही. सकाळी बसावे, दहा ओव्या उलगडाव्यात, अडलेला शब्द जाणकारास विचारावा आणि उठावे. एवढ्याने माणूस पुन्हा लेखणीस हात लावू लागतो.

रायपुरास परतल्यावरही ते बराच काळ आपल्या नावाने लिहीत नसत; मासिकांतून अन्य नावांनी लेख देत. मुलींसाठी पाठशाळा काढणे, तरुणांना जमवून त्यांच्याकडून वाचून घेणे, लिहून घेणे असली बिनगाजावाजाची कामे चालू होती. १९१४ मध्ये लोकमान्य मंडालेहून सुटले आणि १९१५ मध्ये 'गीतारहस्य' प्रसिद्ध झाले. त्यानंतर थोड्याच काळात त्याचा जो हिंदी अनुवाद निघाला, तो माधवराव सप्रे ह्यांनी केलेला होता. ह्या घटनेचा अर्थ नीट ध्यानात घेतला पाहिजे. सहा वर्षे कारावास भोगणाऱ्या पुरुषाने तुरुंगात लिहिलेला ग्रंथ, माफी मागून सुटलेल्या त्याच्या सहकाऱ्याच्या हातून हिंदी जगात गेला. निष्काम कर्माचे ते शेकडो पृष्ठांचे विवेचन ओळीओळीने दुसऱ्या भाषेत उतरविताना माधवरावांच्या मनात काय चालले असेल, ह्याचा तर्क मी करीत नाही. परंतु ते काम त्यांच्याकडे आले आणि त्यांनी ते तडीस नेले, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे. पुढे चिंतामणराव वैद्यांच्या महाभारतविषयक ग्रंथाचाही त्यांनी हिंदी अनुवाद केला.

१९२० मध्ये पुन्हा वादळ उठले. त्या वर्षीच्या जानेवारीत जबलपुरास 'कर्मवीर' हे साप्ताहिक निघाले. ते उभे करण्यात माधवरावांचा पुढाकार होता. पण संपादकाची खुर्ची त्यांनी स्वतःकडे घेतली नाही. ती माखनलाल चतुर्वेदी ह्या तरुण कवीस दिली. माखनलालजी पुढच्याच वर्षी बिलासपूरच्या भाषणाबद्दल पकडले गेले आणि बिलासपूरच्या तुरुंगात राहिले. ज्या गावी माधवरावांचे बालपण गेले, त्याच गावी त्यांनी पुढे केलेल्या संपादकाने शिक्षा भोगली. आपल्या हातून जे निसटले ते दुसऱ्याच्या हातून पुरे व्हावे, आणि त्याचा हेवा न वाटता समाधान वाटावे, ही अवस्था सहजासहजी येत नाही.

१९२४ मध्ये डेहराडून येथील हिंदी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद माधवरावांना देण्यात आले. मराठी मातृभाषा असलेल्या माणसास हिंदी जगाने दिलेला हा मान होता. २३ एप्रिल १९२६ रोजी रायपुरास त्यांचे निधन झाले. भोपाळ येथे १९८४ मध्ये जुन्या वृत्तपत्रांचे जे संग्रहालय स्थापन झाले, त्यास त्यांचेच नाव आहे. जुने अंक चाळावयास देशभरातून अभ्यासक तेथे जातात. महाराष्ट्रात मात्र त्यांचे नाव फारसे कोणी घेत नाही, आणि आपल्यासारखे परप्रांतात राहणारेदेखील त्यांच्या शाळेवरून खुशाल निघून जातात.

इतिहासात आपण बहुधा न वाकलेल्या माणसांची चरित्रे शोधतो. ती हवीतच. पण धामधुमीच्या काळात लिहिणाऱ्यांपैकी बहुतेकांवर कधी ना कधी वाकण्याची पाळी येते, आणि त्यांना पुढे कसे जगावे हे सांगणारे कोणी भेटत नाही. माधवरावांना पुन्हा उभे केले ते लहानशा मंडळींनी. शाळेतला एक शिक्षक, मासिकातले दोन स्नेही, गडावरचा एक साधू आणि अखेरीस आपल्याहून लहान वयाचे काही लेखक. ही मंडळी एका जातीची, एका भाषेची नव्हती. परमुलखात आपण 'आपली माणसे' शोधतो, तेव्हा आपली यादी फार आखूड करतो असे मला आता वाटते.

त्या छत्तीसगढी सहकाऱ्याने मला नंतर हिंदी 'दासबोधा'ची एक जुनी प्रत आणून दिली; त्याच्या आजोबांची होती. मी मराठी प्रत काढली. रविवारी सकाळी आम्ही दोघे, आणि आता आणखी तिघे, माझ्या बिऱ्हाडी बसतो. तो हिंदी वाचतो, मी मराठी वाचतो आणि जेथे अर्थ जुळत नाही तेथे चहा थंड होईपर्यंत वाद चालतो. गेल्या महिन्यात त्याने विचारले, की सप्रेजींविषयी तुम्ही मराठीत काही लिहीत का नाही? ह्या वेळी मला उत्तर देता आले.