वारा अंगावर घेणारी माणसं

आमच्या करावे गावाला लागून पाम बीच रस्ता जातो. रविवारी पहाटे तिथं सायकलवाल्यांची रांग दिसते. खाडीवरचा वारा समोरून सुटला, की पुढचा थोडा वेळ तो अंगावर घेतो, मग बाजूला होऊन मागं जातो आणि दुसरा पुढं येतो. कुणी कुणाला काही सांगत नाही. ही अदलाबदल पाहिली, की मला क्रिस्टिना बर्च आठवते.

ही अमेरिकेतल्या अॅरिझोना राज्यातली. गणित आणि जीवरसायन शिकली, एमआयटीतून जैव अभियांत्रिकीत डॉक्टरेट घेतली, पुढं कॅलिफोर्नियात विद्यार्थ्यांना शिकवलं. आणि हीच संशोधक बिनब्रेकच्या सायकलीवर बसून अमेरिकेच्या राष्ट्रीय संघातून शर्यतीत उतरायची.

तिचा एक प्रकार होता ‘टीम परस्यूट’. चौघींचा संघ, चार किलोमीटर अंतर, 250 मीटरच्या ट्रॅकवर 16 फेऱ्या. पुढची वारा कापते, बाकीच्या तिच्या आडोशानं जातात. ती दमली, की मागं येते. यातला नियम मोठा बोलका आहे. संघाची वेळ धरतात ती तिसरीचं पुढचं चाक रेषेवर आल्यावर. म्हणजे चौथीनं आपली सगळी ताकद आधीच ओतली आणि ती मागं पडली, तरी चालतं.

टोकियो ऑलिम्पिकची पात्रता अमेरिकेनं मिळवली, त्या कष्टांत बर्चचा वाटा होता. 2021 मध्ये संघ टोकियोला गेला, कांस्यपदक घेऊन आला. शर्यतीत उतरलेल्यांत ती नव्हती. त्याच वर्षी डिसेंबरात नासानं 12 हजारांहून अधिक अर्जांतून निवडलेली दहा नावं जाहीर केली. त्यांत ती होती. मार्च 2024 मध्ये प्रशिक्षण पुरं करून ती अंतराळवीर म्हणून पात्र ठरली.

पण पात्र ठरणं म्हणजे उडणं नव्हे. शास्त्रज्ञांना तर हा दरवाजाच उशिरा उघडला. 1959 मध्ये नासानं निवडलेले पहिले सातही जण लष्करी चाचणी वैमानिक होते. शास्त्रज्ञांची पहिली तुकडी आली 1965 मध्ये, सहा जणांची. त्यांतला एकटा हॅरिसन श्मिट हा भूगर्भशास्त्रज्ञ चंद्रावर उतरला, तोही डिसेंबर 1972 मध्ये, अपोलोच्या शेवटच्या फेरीत. 1967 मध्ये आणखी अकरा शास्त्रज्ञ घेतले. मोहिमा कमी आणि माणसं जास्त, म्हणून ते स्वतःलाच थट्टेनं ‘जादा अकरा’ म्हणायचे. त्यांच्यापैकी पहिल्यांचा नंबर लागला 1982 मध्ये. तब्बल 15 वर्षांनी!

आता आपल्याकडची गोष्ट. 1985 मध्ये इस्रोच्या दोन शास्त्रज्ञांची निवड झाली होती, पी. राधाकृष्णन आणि एन. सी. भट. इन्सॅट-1 सी हा उपग्रह अमेरिकेच्या स्पेस शटलमधून जायचा होता आणि त्याच्यासोबत दोघांपैकी एक जण. 28 जानेवारी 1986 रोजी चॅलेंजर शटल आकाशात फुटलं, सात जीव गेले आणि पुढच्या साऱ्या मोहिमा थांबल्या. उपग्रह 1988 मध्ये युरोपच्या आरियान रॉकेटवरून गेला. माणसं मात्र जमिनीवरच राहिली.

राकेश शर्मा यांचं नाव शाळकरी पोरालाही पाठ असतं, आणि ते असायलाच हवं. पण या दोघांची नावं आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहेत? शर्यत जिंकणाऱ्याचा फोटो छापून येतो. त्याच्यापुढं राहून ज्यानं वारा झेलला, तो तोवर चौकटीबाहेर गेलेला असतो.

बर्च अंतराळात जाईल, तेव्हा तिथंही सायकल असेल. अंतराळस्थानकात व्यायामासाठी एक बसवलेली आहे, बिनसीटची. वजनच नाही, तर बसायचं कशाला? बूट पेडलला अडकवायचे आणि पाय मारत राहायचं. तिथं ना रस्ता सरकतो, ना वारा लागतो.

आमच्या रस्त्यावर मात्र वारा आहे. हल्ली रविवारी मी रांगेतल्या पहिल्याकडं फारसं बघत नाही. नुकताच मागं गेलेला, धापा टाकणारा जो असतो ना, त्याला हात करतो.