पैसा कोणाच्या हातीं?

दुर्बलांचें पोषण करावें हें बहुतेक समाजांनीं मान्य केलें आहे. परंतु त्या पोषणासाठीं काढलेला पैसा कोणाच्या हातीं असावा, हा प्रश्न फारसा कोणी विचारीत नाहीं. अन्न मिळालें, अंथरूण मिळालें, औषध मिळालें, मग घेणाऱ्यानें आणखी काय मागावें, असें धडधाकट मनुष्यास सहज वाटतें. इंग्लंडांतील अपंगांनीं तो प्रश्न विचारला व त्याचें उत्तर कायद्यांत उतरावयास जवळजवळ अर्धें शतक लागलें. तो इतिहास आम्ही येथें थोडक्यांत सांगतों.

1948 सालीं तेथें दोन गोष्टी घडल्या. ‘नॅशनल असिस्टन्स ॲक्ट’नें जुन्या ‘पुअर लॉ’ची अखेर केली व अपंगांची सोय पाहण्याचें काम स्थानिक स्वराज्य संस्थांकडे सोंपविलें, मात्र त्यांच्या हातीं रोकड देऊं नये, असा निर्बंधही त्यांत घातला. त्याच वर्षीं लेनर्ड चेशायर या महायुद्धांत गाजलेल्या वैमानिकानें हँपशायर परगण्यांतील ल कोर्ट या आपल्या वाड्यांत एका मरणोन्मुख माणसाची शुश्रूषा आरंभिली. त्यांतून अपंगांच्या आश्रमांची मोठी परंपरा निघाली; तिची एक शाखा पुढें मुंबईसही आली.

चेशायर यांची भूतदया खरी होती, याविषयीं आम्हांस शंका नाहीं. परंतु आश्रम म्हटला कीं वेळापत्रक आलें. उठावें केव्हां, जेवावें केव्हां, निजावें केव्हां, हें दुसऱ्यानें ठरवावयाचें. बुद्धि शाबूत असलेल्या प्रौढ माणसास हें आयुष्यभर सोसणें सोपें नव्हे. ल कोर्टमध्यें राहिलेल्या पॉल हंट यांनीं 1972 सालीं ‘गार्डियन’मध्यें पत्र लिहून अपंगांना संघटित होण्याचें आवाहन केलें. पुढें 1979 च्या सुमारास जॉन एव्हन्स प्रभृति तेथील रहिवाशांनीं एक नवी योजना आंखली. 1981 हें अपंगांचें आंतरराष्ट्रीय वर्ष ठरलें होतें, म्हणून तिला ‘प्रोजेक्ट 81’ हें नांव पडलें.

तिचा हिशेब साधा होता. आपल्यासाठीं सरकारी पैसा आश्रमाकडे जातोच. तोच आपणांस मिळावा, म्हणजे आपण स्वतःच्या घरीं राहूं आणि आपला साहाय्यक आपणच नेमूं. निर्बंध आड येई, म्हणून पैसा मध्यस्थ संस्थेच्या मार्फत फिरवावा लागे. तरी एव्हन्स 1983 सालीं आश्रमाबाहेर पडले.

कोणी म्हणेल, अपंगास हा व्याप झेपेल काय? शंका अगदींच पोकळ नव्हती. साहाय्यक नेमणें म्हणजे मालक होणें. पगार, रजा, कर, जमाखर्च सर्व आलें, आणि साहाय्यक आजारी पडल्यास सकाळीं अंथरुणांतून कोण उठविणार, ही विवंचनाही आली. यावर अपंगांनीं परस्परांस शिकविण्याचा मार्ग काढला व 1984 सालीं हँपशायरमध्यें आपलें स्वतंत्र केंद्र स्थापिलें. 1994 च्या एका पाहणींत हा मार्ग सरकारी सेवेहून स्वस्त व अधिक समाधानाचा ठरला. अखेर 1996 सालीं रोख साहाय्याचा कायदा झाला व पुढील वर्षीं अमलांत आला. प्रारंभीं 65 वर्षांवरील लोक त्यांतून वगळले होते. 2000 सालीं ती अटही गेली.

येथवर सेवा करणाऱ्या आप्तांचा विचार फारसा झाला नव्हता. एकाच घरांत राहणाऱ्या पत्नीस वा आईस या पैशांतून वेतन देण्यास सामान्यतः मनाई होती. तिची सेवा प्रेमाची, म्हणून फुकट! 2000 च्या दुसऱ्या एका कायद्यानें अशा आप्तांच्या स्वतःच्या गरजा स्वतंत्र मानून त्यांसाठीं त्यांच्या हातीं पैसा देण्याची वाट मोकळी केली.

तथापि हातीं पैसा देणें आणि पुरेसा पैसा देणें या भिन्न गोष्टी होत. तीव्र अपंगांसाठीं 1988 सालीं निघालेला ‘इंडिपेंडंट लिव्हिंग फंड’ 2015 च्या जूनअखेर बंद झाला व त्याचा भार काटकसरींत सांपडलेल्या स्थानिक संस्थांवर पडला. हक्क कागदावर राहिला. त्यामागील तास मात्र अनेकांचे कमी झाले.

आपल्याकडे हा भार बहुधा कुटुंबच वाहतें, आणि त्याचा आम्हांस अभिमानही वाटतो. परंतु घरांतील अपंग भावास आज केव्हां उठावयाचें आहे हें आपण विचारतों काय, आणि त्याच्या उशाशीं बसणाऱ्या वहिनीस विसांवा कधीं मिळतो, हे दोन प्रश्न त्या अभिमानापूर्वीं स्वतःस विचारले पाहिजेत.